काबूलच्या मुलींना ऑनलाइन शिकवायचे असेल, तर आधी तिथला दिवस समजून घ्या

प्रश्न पुण्यातल्या एका शिक्षकगटाचा आहे. अफगाणिस्तानातल्या काबूल आणि हेरात शहरांतल्या, शाळा बंद झालेल्या मुलींना त्यांना ऑनलाइन गणित आणि इंग्रजी शिकवायचे आहे. तालिबानच्या राजवटीत बाईला नेमके काय करता येते, काय येत नाही, आणि आपल्या वर्गामुळे तिथे कुणी अडचणीत तर येणार नाही ना, असे त्यांनी विचारले आहे. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर त्याच अंगाने देत आहे.

एक गोष्ट आधी पक्की ध्यानात घ्या. तालिबानच्या पुष्कळ नियमांत हुकूम बाईला असतो, पण दंड तिच्या आजूबाजूच्या पुरुषाला. ७ मे २०२२ चा हिजाबचा हुकूम पाहा. बाईने चेहरा झाकला नाही तर पहिल्या वेळी तिचे घर शोधून काढायचे आणि वलीला, म्हणजे वडील, भाऊ किंवा नवऱ्याला, समज द्यायची. दुसऱ्या वेळी त्याला कार्यालयात बोलवायचे. तिसऱ्या वेळी त्याला तीन दिवस कोठडीत ठेवायचे आणि चौथ्या वेळी न्यायालयात उभे करायचे. तो सरकारी नोकर असेल तर त्याच्या नोकरीवर गदा येते. सर्वांत उत्तम हिजाब म्हणजे गरज नसताना घराबाहेरच न पडणे, हेही त्याच हुकुमात लिहिले आहे. टॅक्सीवाला, दुकानदार, दवाखान्याचा व्यवस्थापक, संस्थेचा संचालक या सगळ्यांना असेच जबाबदार धरले जाते. त्यामुळे ज्या भावाला बहिणीने शिकावे असे मनापासून वाटते, तोही तिला दारातून मागे ओढतो. पकडला जाणार तो, आणि घरात कमावणाराही बहुधा तोच असतो. अफगाण पुरुष मुळातच तसे, असा निष्कर्ष बाहेरून बघणारे फार घाईने काढतात. प्रत्यक्षात या राजवटीने प्रत्येक घरातल्या पुरुषाला बिनपगारी पहारेकरी केले आहे.

तुमच्या कामासाठी याचा अर्थ असा की, घरच्यांना न सांगता मुलीला वर्गात घेऊ नका. वडील किंवा मोठा भाऊ यांपैकी किमान एकाला वर्ग कसला, कोण शिकवते, किती वाजता, हे ठाऊक असले पाहिजे. मुलीच्या धाडसाचे कौतुक वाटते, मान्य. पण उद्या दारावर थाप पडली तर ज्याला उत्तर द्यायचे आहे तो माणूस अंधारात असणे सगळ्यांत वाईट. ज्याला आधीपासून माहीत असते तो सांभाळून घेतो. ज्याला त्या क्षणी कळते तो घाबरून फोन फोडतो, आणि कधी मुलीचे लग्नच ठरवून टाकतो.

आता शाळेचे. तालिबानने १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल घेतले. सप्टेंबरात माध्यमिक शाळा मुलांसाठी उघडल्या, आदेशात मुलींचा उल्लेखच नव्हता. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार होत्या. मुली गणवेश घालून आल्या, वर्गात बसल्या आणि त्याच सकाळी त्यांना घरी पाठवण्यात आले. २० डिसेंबर २०२२ रोजी विद्यापीठे बंद झाली. सुईण आणि परिचारिका घडवणाऱ्या वैद्यकीय संस्था तेवढ्या उरल्या होत्या, डिसेंबर २०२४ मध्ये त्याही मुलींना बंद झाल्या. युनेस्कोच्या ऑगस्ट २०२४ च्या हिशेबाने किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणाबाहेर ठेवल्या गेल्या होत्या, आणि दर वर्षी सहावी संपवणारी नवी तुकडी त्यांत भर घालते. काही मुली मुद्दाम पुन्हा सहावीत बसतात, कारण सातवी नाहीच. म्हणून मुलीने "सहावी" सांगितले तर वय आणि इयत्ता दोन्ही विचारा. ती पंधरा वर्षांची असू शकते, आणि तिला अपूर्णांक पुन्हा शिकवणे हा तिचा अपमान ठरेल.

मदरशांत मोठ्या मुलींना जाता येते. काही ठिकाणी तिथे धार्मिक विषयांबरोबर थोडे गणित आणि भाषाही शिकवतात, पुष्कळ ठिकाणी नाही. तुमच्या काही विद्यार्थिनी सकाळी मदरशात जात असतील. ते कमी लेखू नका. घराबाहेर पडायला, मैत्रिणींना भेटायला त्यांना उरलेले ते एकच मान्य ठिकाण असते.

हे सगळे इस्लाममुळेच आहे, असे समजून वर्गात कधी बोलू नका. मुलींना माध्यमिक शाळा बंद करणारा दुसरा एकही मुस्लिमबहुल देश आज जगात नाही. विद्यापीठबंदी आली तेव्हा इजिप्तमधल्या अल-अझहर या सुन्नी जगातल्या मान्यवर धर्मपीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ती शरियतच्या विरुद्ध असल्याचे जाहीर केले. सौदी अरेबिया, कतार, तुर्कस्तान यांनीही निषेध केला. खुद्द तालिबानचे उपपरराष्ट्रमंत्री अब्बास स्तानिकझई यांनी जानेवारी २०२५ मध्ये खोस्तमधल्या जाहीर भाषणात या बंदीला कसलाही आधार नाही असे म्हटले आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. तुमच्या बहुतेक मुली श्रद्धाळू घरांतल्या असतील. आपल्याच धर्माच्या नावाने आपले हक्क हिरावले गेले, हे त्यांचे दुःख आहे. त्यात बाहेरच्याने धर्मावर टीका केली तर मुलगी गप्प होईल आणि वडील वर्ग बंद करतील.

नियम कागदावर एक, तोंडी दुसरा आणि नाक्यावर तिसरा असतो. पुष्कळ हुकूम छापले जातच नाहीत. मंत्रालयाचे पत्र निघते, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, मग प्रत्येक प्रांताचा अधिकारी आपापल्या परीने ते राबवतो. कंदाहार आणि हेलमंद कडक, काबूल कधी सैल कधी एकदम आवळलेले. जानेवारी २०२४ मध्ये हजारा या अल्पसंख्य समाजाच्या काबूलमधल्या वस्तीत, दश्त-ए-बरचीत, हिजाबच्या कारणाने मुलींची धरपकड झाली आणि त्यानंतर कित्येक आठवडे इतर भागांतल्या मुलीही बाहेर पडेनात. "तुमच्याकडे परवानगी आहे का" या प्रश्नाला म्हणूनच नेमके उत्तर मिळत नाही. त्याऐवजी "तुमच्या गल्लीत या आठवड्यात कसे आहे" असे विचारा.

छापलेला आणि सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेला सदाचार-दुराचाराचा, ३५ कलमांचा. तो राबवतात अम्र बिल मारूफ, म्हणजे सदाचार मंत्रालयाचे मुहतसिब, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहणारे निरीक्षक. काबूलमध्ये महिला मंत्रालयाची इमारत २०२१ च्या सप्टेंबरातच या मंत्रालयाला देण्यात आली. १३ व्या कलमानुसार बाईने सर्व शरीर आणि चेहरा झाकायचा, आणि जमावात गाणे किंवा मोठ्याने पठण करणे यांतला तिचा आवाजही झाकण्याच्या गोष्टींत धरला आहे. गरजेने बाहेर पडलेल्या बाईने आवाज, चेहरा, शरीर तिन्ही लपवायचे. दुसऱ्या कलमांत सजीवांची चित्रे प्रसिद्ध करण्याला, फोनवर अशी चित्रे आणि चित्रफिती करण्या-पाहण्यालाही मनाई आहे. चालकाने महरमशिवाय, म्हणजे सोबत जवळचा पुरुष नातेवाईक नसताना, बाईला गाडीत घ्यायचे नाही. मुहतसिबाला न्यायालयाशिवाय समज देणे, धमकावणे, मालमत्तेची नुकसानी करणे, तासाभरापासून तीन दिवसांपर्यंत डांबणे आणि वर "योग्य वाटेल ती" शिक्षा करणे, इतके अधिकार आहेत. ही शेवटची मोकळीक सगळ्यांत घातक, कारण तिला माप नाही.

महरमचा नियम नीट समजून घ्या, वेळापत्रक त्यावर ठरते. महरम म्हणजे ज्याच्याशी लग्न कायमचे निषिद्ध आहे असा नातेवाईक : वडील, आजोबा, भाऊ, मुलगा, काका, मामा, भाचा, पुतण्या, सासरा. शिवाय नवरा. चुलत, मामे, आते भाऊ यांत नाहीत, दीर नाही, बहिणीचा नवराही नाही. डिसेंबर २०२१ च्या सूचनेप्रमाणे ७२ किलोमीटरपेक्षा दूरच्या प्रवासाला महरम लागतो, पण पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी अंतरालाही, दवाखान्यात जायलाही विचारतात. युद्धात नवरा आणि मुलगे गमावलेल्या, दिराच्या घरी राहणाऱ्या विधवेला घरात चार पुरुष असूनही महरम नाही, अशी अवस्था होते. लहान मुलगा सोबत चालतो की नाही, हे नाक्यावरच्या माणसाच्या मर्जीवर. आपल्याकडे हा शब्द हजमुळे ओळखीचा आहे. भारतातून २०१८ पासून ४५ वर्षांवरील स्त्रिया गटाने महरमशिवाय हजला जातात आणि सौदीनेही ती अट सैल केली आहे. काबूलमध्ये मात्र ती बाजारापर्यंत येऊन पोचली आहे.

दवाखान्याचे उदाहरण देण्यासारखे आहे, कारण या सगळ्या बंद्या तिथे एकमेकींत गुंततात. बाईला शक्यतो बाई डॉक्टरनेच तपासायचे. पण नव्या बाई डॉक्टर, परिचारिका, सुईणी तयार करणाऱ्या वाटा बंद. जुन्या डॉक्टरला कामावर जायला महरम हवा, त्याने त्या दिवशीचा रोजगार सोडायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये हेरातच्या प्रादेशिक रुग्णालयात बुरखा नसलेल्या स्त्रियांना, रुग्ण असोत वा कर्मचारी, आत सोडले जात नसल्याचे तिथे काम करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने सांगितले. तालिबानने ते नाकारले. ऑगस्ट २०२५ च्या कुनार भूकंपात २,००० हून अधिक माणसे गेली. त्या वेळीही स्त्रियांवर उपचार करायला बाई डॉक्टर आणि परिचारिका पुरत नव्हत्या.

कामाचे थोडक्यात सांगतो. आरोग्य, प्राथमिक शाळा आणि विमानतळ-पासपोर्ट कार्यालयात बायकांची झडती-तपासणी अशा काही जागा उरल्या आहेत. घरी बसवलेल्या सरकारी स्त्री कर्मचाऱ्यांचा पगार जून २०२४ मध्ये सरसकट महिना ५,००० अफगाणींवर आणला. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांत, एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांतही अफगाण स्त्रियांना मनाई झाली. आरोग्य आणि शिक्षणाला सूट मिळते, तीही जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी. जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लर बंद झाली. तेवढी एक बायकांनी बायकांसाठी चालवलेली जागा होती, आणि तिथे काम करणाऱ्या कित्येकींच्या घरात दुसरा मिळवता हात नव्हता. घरबसल्या शिवणकाम, भरतकाम, गालिचे, सुकामेवा निवडणे यांवर घरे चालतात. तुमची विद्यार्थिनी दिवसाचे पाच-सहा तास गालिच्याच्या मागावर बसत असेल, तर गृहपाठ द्यायचाच असेल तर पंधरा मिनिटांचा द्या.

आता वर्ग प्रत्यक्ष कसा चालवायचा.

काबूलचे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आहे : पुण्यात चार, तिकडे तीन. शुक्रवार सुट्टीचा, शनिवार ते गुरुवार कामाचे. पण वेळ घड्याळापेक्षा फोन कुणाच्या हातात आहे त्यावर ठरते. पुष्कळ घरांत स्मार्टफोन एकच असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी परत येतो. म्हणून नोंदणीच्या वेळीच विचारा : फोन कुणाचा, घरी कधी असतो, वीज कधी असते. काबूलची बरीचशी वीज शेजारच्या देशांतून विकत येते आणि हिवाळ्यात तासन् तास नसते. थेट वर्ग आठवड्यातून दोनच ठेवा, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे. बाकी सगळे ध्वनिमुद्रित पाठ आणि हलक्या पीडीएफ. एका पाठाचा आवाज ३-४ एमबी, पीडीएफ १ एमबीच्या आत राहील असे करा, म्हणजे मोबाइल डेटावर उतरते आणि पाहून झाले की पुसता येते.

कॅमेरा कायमचा बंद. मुलीचा आणि तुमचाही. पडद्यावर फळा, लेखणी आणि हात एवढेच दिसू द्या. मुलींनी मोठ्याने उत्तर द्यावे, एका सुरात म्हणावे असा हट्ट नको. रस्त्याला लागून खिडकी असेल तर एका मुलीचे पाढेही बाहेर ऐकू जातात. उत्तरे लिहून मागवा. इंग्रजी उच्चारांसाठी ज्यांना शक्य आहे त्या दहा सेकंदांचा आवाज पाठवतील, तो ऐकून लगेच पुसा.

सगळ्यांचा एकच व्हॉट्सॲप गट ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गटात प्रत्येकीचा क्रमांक प्रत्येकीला दिसतो. नाक्यावर एक फोन तपासला गेला की तीस घरे उघडी पडतात. गट करायचा तर पाच-सहा जणींचा, एकमेकींना आधीपासून ओळखणाऱ्यांचा, संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय लावून. अॅप असे निवडा की दुसऱ्यांना क्रमांक दिसत नाही. गटाला "काबूल गर्ल्स क्लास" असले नाव देऊ नका. नोंदवहीत खरे नाव, पत्ता, वडिलांचे नाव, तझकिरा म्हणजे त्यांचे ओळखपत्र, यातले काहीही ठेवू नका. एक टोपणनाव आणि हजेरीची खूण पुरते. भारतातल्या देणगीदारांना पुरावा म्हणून मुलींचे फोटो, पत्रे, पडद्याची छायाचित्रे दाखवण्याचा मोह होईल. तो पहिल्याच बैठकीत ठराव करून बंद करा. देणगीदार नाराज झाला तर होऊ द्या.

नेट जाणारच आहे असे धरून चाला. सप्टेंबर २०२५ च्या मध्याला बल्खसह काही प्रांतांत फायबर इंटरनेट तोडले. मग २९ सप्टेंबरपासून सुमारे ४८ तास सबंध देशाचे इंटरनेट आणि फोन बंद होते. अशा वेळी विद्यार्थिनीकडे पुढच्या तीन आठवड्यांचे पाठ आधीच उतरवलेले असले पाहिजेत. उपग्रहवाहिनीचाही उपयोग होतो : पॅरिसहून चालणारी बेगम टीव्ही २०२४ पासून सातवी ते बारावीचा अफगाण अभ्यासक्रम दरी आणि पश्तो या तिथल्या दोन भाषांत दाखवते. तिचे वेळापत्रक मिळवून त्याला पूरक शिकवा. नेट नसले तरी टीव्ही चालतो, आणि घरात टीव्ही पाहणाऱ्या मुलीवर कुणाची नजर जात नाही.

भाषेची फार काळजी करू नका. काबूलमध्ये हिंदी मालिका-सिनेमांमुळे पुष्कळ मुलींना हिंदी कळते. पाकिस्तानने ऑक्टोबर २०२३ पासून जे लाखो अफगाण परत धाडले त्यांच्या मुली तर पेशावर-क्वेट्याच्या शाळांतून उर्दू शिकून आल्या आहेत. या मुलींकडे विशेष लक्ष द्या : काल आठवीत होत्या, सीमा ओलांडताच शाळाच संपली. मात्र अंक त्यांच्या लिपीतले वेगळे आहेत. शिक्षकाने ते आधी वाचायला शिकावेत, नाहीतर पहिली उत्तरपत्रिकाच वाचता येणार नाही.

पुढे काय, हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात येतोच. बारावीचा दाखला नाही आणि कानकोर, म्हणजे तिथली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा, मुलींना बंद आहे. त्यामुळे दाखला लागत नाही किंवा पर्यायी परीक्षा चालते अशाच वाटा उरतात : अमेरिकेची जीईडी ही बारावीच्या दाखल्याला पर्यायी परीक्षा आणि त्यानंतर युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलसारखे ऑनलाइन विद्यापीठ, किंवा बांगलादेशातल्या चट्टग्रामचे एशियन युनिव्हर्सिटी फॉर वुमन. दोन्हींनी अफगाण मुलींना जागा दिल्या आहेत. तुमचे इंग्रजी आणि गणित जीईडीच्या अंगाने बांधा, म्हणजे श्रम वाया जाणार नाहीत. परदेशी शिष्यवृत्तीची आशा मात्र सांभाळून दाखवा. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईच्या शिष्यवृत्तीवर निघालेल्या विद्यार्थिनींना काबूल विमानतळावरूनच परत पाठवले होते, सोबत महरम असलेल्यांनाही. पुण्याला अफगाण विद्यार्थ्यांची जुनी परंपरा आहे, पण ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने आधीचे व्हिसा रद्द केले तेव्हा सुट्टीत घरी गेलेले कित्येक जण तिकडेच अडकले. व्हिसा हातात येईपर्यंत कुणाला "ये" म्हणू नका.

एखादी मुलगी लिहील की घरात मारहाण होते, किंवा मनाविरुद्ध लग्न ठरले आहे. हे होणार, तयारी ठेवा. हिंसाचारविरोधी २००९ चा कायदा आता लागू होत नाही, निवारागृहे बंद झाली, मानवाधिकार आयोग मे २०२२ मध्ये बरखास्त झाला. "घर सोड" हा सल्ला देऊ नका. एकटी बाहेर पडलेली मुलगी स्वतःच गुन्हेगार ठरू शकते आणि तिला जायला जागा नाही. एक धागा उरतो. ३ डिसेंबर २०२१ च्या तालिबानच्याच हुकुमात लग्नाला मुलीची संमती हवी, विधवेला जबरदस्तीने कुणाशी लावून देता येणार नाही, मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, आणि वारसा तिचा हक्क आहे, असे लिहिलेले आहे. त्यात शिक्षण आणि कामाचा शब्दही नाही, पण लग्नापुरता तो कामी येऊ शकतो. घरातला एखादा समजूतदार काका, मामा किंवा वस्तीतला वडीलधारा त्या हुकुमाचा आधार घेऊन बोलला तर लग्न पुढे ढकलले जाऊ शकते. मुलीला विचारा, असा माणूस कोण आहे. बोलायचे की नाही हे तीच ठरवेल.

सुरुवात सहा मुलींपासून करा, शक्यतो एकाच गल्लीतल्या दोन-तीन घरांतल्या. पहिला महिना फक्त गणित, कारण घरच्यांना त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही आणि मुलींना आपण पुढे सरकतोय हे लगेच कळते. इंग्रजी दुसऱ्या महिन्यात. एखादी मुलगी दोन आठवडे दिसली नाही तर तिला फोन करू नका, संदेशही नको. मैत्रिणीकडून निरोप येईपर्यंत तिचे पाठ तिच्यासाठी बाजूला ठेवा.